‘येस येस, आय अग्री’च्या पुढे: इंग्रजीत ठाम सहमती दाखवताना कुठे काय म्हणावं

प्रश्न पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्या वाचकाचा आहे. त्यांचे काही क्लायंट अमेरिकेत आहेत, काही इंग्लंडमध्ये. ते लिहितात: कॉलवर समोरच्याचं म्हणणं शंभर टक्के पटलं तरी माझ्या तोंडून ‘येस येस, आय अग्री’ एवढंच निघतं. ‘अ‍ॅब्सोल्यूटली’, ‘एक्झॅक्टली’, ‘डेफिनिटली’, ‘ऑफ कोर्स’, ‘आय कुडन्ट अग्री मोअर’ यांत सगळ्यांत जोरदार कुठलं? कुठे काय वापरायचं? आणि मेलमध्ये काय लिहायचं?

या यादीतलं सगळ्यांत जोरदार म्हणाल तर ‘आय कुडन्ट अग्री मोअर’. याहून जास्त सहमत होणं मला शक्यच नाही, असा त्याचा अर्थ. पण नुसती जोराची उतरंड लावून हे शब्द पाठ केलेत तर फार उपयोग होणार नाही. नोकरी करणाऱ्यांना बोलायचं इंग्रजी शिकवताना मला सतत दिसतं की सहमतीतली गफलत जोर कमी पडल्यामुळे होतच नाही. समोरच्यानं नेमकं काय केलं, मत मांडलं, प्रश्न विचारला, काम सांगितलं की गाऱ्हाणं सांगितलं, याकडे लक्ष न देता एकच शब्द सगळीकडे वापरला जातो, त्यामुळे होते. मराठीत ‘अगदी बरोबर’, ‘नक्की’, ‘हो ना’, ‘अर्थात’ हे आपण जागा बघूनच वापरतो. ‘चहा घेणार?’ याला कुणी ‘अगदी बरोबर’ असं उत्तर देत नाही. इंग्रजीतही तशीच जागा बघावी लागते.

‘एक्झॅक्टली’पासून सुरुवात करते, कारण कामाच्या बोलण्यात याच्याइतका उपयोगी शब्द मला दुसरा वाटत नाही. समोरच्यानं एक नेमकं मत मांडलं आणि ते तुमच्याही मनात होतं, अशा वेळी तो चपखल बसतो. क्लायंट म्हणतो, ‘द रिअल प्रॉब्लेम इज टेस्टिंग, नॉट कोडिंग.’ तुम्ही म्हणता, ‘एक्झॅक्टली.’ म्हणजे तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. यात सहमती आहेच, शिवाय समोरच्याच्या अचूकपणाला दादही आहे. मात्र नेमकं काही म्हटलेलंच नसेल तर तो शब्द अधांतरी राहतो. ‘वुड यू लाइक टू जॉइन द डेमो?’ याला ‘एक्झॅक्टली’ हे उत्तरच नव्हे. तिथे ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ चालतं, कारण ते मताला, प्रश्नाला आणि विनंतीला, तिन्हींना लागू पडतं. म्हणून यादीतला एकच शब्द तोंडात बसवायचा असेल तर तो ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ बसवा. दोन बसवायचे असतील तर जोडीला ‘एक्झॅक्टली’ घ्या.

‘डेफिनिटली’चा कल खात्रीकडे आहे. मताला दुजोरा देतानाही तो वापरतात, पण पुढच्या काळातल्या गोष्टीला लावलात की त्याचं वचन होतं. ‘कॅन वी हॅव द रिपोर्ट बाय फ्रायडे?’ याला तुम्ही केवळ उत्साहानं ‘डेफिनिटली!’ म्हणालात, तर अमेरिकन माणूस शुक्रवार कॅलेंडरवर लिहून ठेवतो. आपल्याकडे ‘नक्की’ हा शब्द बऱ्याचदा सदिच्छेपुरता असतो. ‘या ना घरी कधीतरी’, ‘हो, नक्की!’ यातून कुणी तारीख गृहीत धरत नाही. ती सवय इंग्रजीत आणू नका. ‘डेफिनिटली आय विल ट्राय’ हे आपल्याकडचं आवडतं वाक्य याच गोंधळातून येतं, कारण अर्ध्यात वचन आहे आणि अर्ध्यात माघार. शुक्रवार जमणार असेल तर ‘डेफिनिटली’ म्हणा. शंका असेल तर ‘आय थिंक सो, लेट मी कन्फर्म बाय टुमॉरो’ म्हणा.

‘ऑफ कोर्स’ इथे सगळ्यांत जास्त जपून वापरायचं. विनंतीला ते फार छान उत्तर आहे. ‘कुड यू शेअर युअर स्क्रीन?’ ‘ऑफ कोर्स.’ यात आनंदानं करतो, विचारायची गरजच नव्हती, असा मोकळेपणा आहे. पण माहिती विचारणाऱ्या प्रश्नाला तेच उत्तर दिलं की सूर पालटतो. ‘इज द सर्व्हर इन मुंबई?’ ‘ऑफ कोर्स.’ आता ऐकणाऱ्याला वाटतं, एवढंही माहीत नाही का, असं हा मला सुचवतोय. ‘ऑब्व्हिअसली’ तर त्याहून टोचतं. मराठीतलं ‘अर्थातच’ सौम्य आहे, सौजन्याचं आहे. त्याच्या जागी ‘ऑब्व्हिअसली’ ठेवलंत तर सौजन्य नाहीसं होतं आणि फक्त ‘हे उघडच आहे’ एवढं उरतं. उत्तर म्हणून एकटं ‘ऑब्व्हिअसली’ क्लायंटपुढे वापरूच नका, असं मी स्पष्ट सांगेन. माहितीच्या प्रश्नाला ‘यस, इट इज’ पुरेसं आहे. खात्री दाखवायची असेल तर ‘दॅट्स राइट’.

आता ज्या जागी मराठी माणूस हमखास अडतो तिकडे येते. समोरच्याचं विधानच नकारार्थी असेल तर सहमती कशी दाखवायची?

मराठीत ‘हो’ म्हणजे ‘तुम्ही म्हणताय ते खरं आहे’. ‘फाइल आली नाही का?’ ‘हो, नाही आली.’ आपल्या कानाला यात काहीच खटकत नाही. इंग्रजीत ‘यस’ आणि ‘नो’ हे समोरच्याच्या विधानाला जोडलेले नसतात, तुमच्या पुढच्या क्रियापदाला जोडलेले असतात. क्रियापद होकारार्थी तर ‘यस’, नकारार्थी तर ‘नो’. ‘यू डिडन्ट गेट द फाइल?’ याला फाइल मिळाली नसेल तर ‘नो, आय डिडन्ट’. तुम्ही नुसतं ‘येस’ म्हणालात की समोरचा थांबतो आणि पुन्हा विचारतो: म्हणजे मिळाली का?

जोर लावला की हा गोंधळ वाढतो. क्लायंट म्हणतो, ‘वी शुडन्ट रिलीज धिस ऑन अ फ्रायडे.’ तुम्हाला मनापासून पटलं, तुम्ही म्हणालात, ‘येस येस, डेफिनिटली!’ यातून शुक्रवारी नक्की रिलीज करूया, असाही अर्थ निघू शकतो. इथे म्हणायचं ‘नो, डेफिनिटली नॉट’ किंवा ‘अ‍ॅब्सोल्यूटली नॉट’. आपल्या लोकांना ‘नो’नं सुरुवात करायला संकोच वाटतो, कारण मराठी कानाला तो विरोध वाटतो. इंग्रजी कानाला तीच पक्की सहमती असते. हे वळण अंगवळणी पडेपर्यंत दोन सुरक्षित वाटा आहेत. एक म्हणजे ‘एक्झॅक्टली’, कारण विधान होकारार्थी असो की नकारार्थी, ते दोन्हीकडे चालतं. दुसरी म्हणजे पूर्ण वाक्य: ‘आय अग्री, वी शुडन्ट.’ वाक्य पूर्ण केलं की गैरसमजाला जागाच राहत नाही, म्हणून महत्त्वाच्या निर्णयात मी दुसरीच वाट सुचवते.

याच घरातली आणखी एक गोष्ट. कुणी ‘आय डोन्ट लाइक धिस डिझाइन’ म्हटलं आणि तुम्हालाही ते आवडलं नसेल, तर ‘मी टू’ नाही. ‘मी नायदर’ म्हणा, किंवा जरा नीटनेटकं हवं असेल तर ‘नायदर डू आय’. होकारार्थी विधानाला ‘सो डू आय’.

‘आय कुडन्ट अग्री मोअर’ वापरा, जरूर वापरा, पण त्यातला ‘मोअर’ ऐकू गेलाच पाहिजे. सगळा जोर त्या शेवटच्या शब्दावर आहे. कॉलवर आवाज तुटला आणि ‘मोअर’ गळलं तर उरतं ‘आय कुडन्ट अग्री’, म्हणजे मला सहमत होता आलं नाही. अर्थ थेट उलटा. रेंज खराब असेल तर त्याऐवजी ‘आय कम्प्लीटली अग्री’ म्हणा, तिथे ‘कम्प्लीटली’ गळलं तरी अर्थ टिकतो. ‘कुडन्ट’च्या जागी ‘कॅन्ट’ही घालू नका. अर्थ पोचतो, पण रुळलेला प्रयोग ‘कुडन्ट’चाच आहे. आणि ‘आय कुडन्ट डिसअग्री मोअर’ ऐकलंत तर दोन नकार मिळून होकार झाला असं समजू नका. तो माणूस तुमच्याशी पूर्णपणे असहमत आहे. ‘आय कुडन्ट अग्री मोअर’ हे वाक्य मी मोठ्या मुद्द्यांसाठी राखून ठेवायला सांगते. ‘लेट्स स्टार्ट अ‍ॅट टेन’ याला ‘आय कुडन्ट अग्री मोअर’ म्हणणं फार जड होतं. तिथे ‘शुअर’ किंवा ‘साउंड्स गुड’ पुरतं.

गाऱ्हाण्याशी सहमत होण्याची भाषा वेगळीच आहे. सहकारी वैतागून म्हणतो, ‘दीज लेट नाइट कॉल्स आर किलिंग मी.’ उत्तर: ‘टेल मी अबाउट इट.’ यात मला त्याबद्दल सांग, असं कुणी म्हणत नसतं. माझीही तीच गत आहे, मला वेगळं सांगायला नको, असा अर्थ. आपली माणसं पुष्कळदा हे शब्दशः घेतात आणि सविस्तर सांगायला बसतात. ‘यू आर टेलिंग मी!’ त्याच जातीचं. ‘यू कॅन से दॅट अगेन’ म्हणजेही पुन्हा बोला अशी विनंती नव्हे, अगदी खरं बोललात. अमेरिकन तरुण मंडळी इथे ‘आय नो, राइट?’ म्हणतात, तोही प्रश्न नसतो.

ही वाक्यं बरोबरीच्या माणसांत वापरायची. एक प्रसंग मात्र पूर्ण टाळा: क्लायंट तुमच्याच टीमच्या उशिराबद्दल तक्रार करत असेल तेव्हा ‘टेल मी अबाउट इट’ म्हणू नका. त्यानं तुम्ही जबाबदारी सोडून त्याच्या शेजारी तक्रार करायला बसल्यासारखं होतं. तिथे सरळ ‘यू आर अ‍ॅब्सोल्यूटली राइट, इट इज लेट’ म्हणा आणि पुढच्या वाक्यात कधी देणार ते सांगा.

याच्या उलट, काही शब्द ऐकायला सहमतीचे वाटतात पण पूर्ण सहमती देत नाहीत. क्लायंटच्या तोंडून ते आले की कान टवकारा. ‘आय हिअर यू’ म्हणजे तुझं ऐकलं, भावना समजली. पटलं असं त्यानं म्हटलेलं नाही. ‘पॉइंट टेकन’, ‘फेअर पॉइंट’ म्हणजे मुद्दा मान्य, पण निर्णय बदलेलच असं नाही. ‘फेअर इनफ’ इंग्रज माणूस वाद थांबवायलाही वापरतो. ‘आय डू अग्री’ यातल्या ‘डू’वर जोर आला तर मागून ‘बट’ येण्याची शक्यता मोठी. ‘नो डाउट’ नावावरून निःशंक वाटतं, पण ‘नो डाउट ही विल कॉल’ याचा रोजचा अर्थ ‘करेलच बहुतेक’ एवढाच. खरी निःशंकता ‘विदाउट अ डाउट’मध्ये आहे.

सगळ्यांत फसवं ‘आय डोन्ट एन्टायरली अग्री’. ब्रिटिश माणूस हे म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा सभ्यपणे नकार देत असतो. मराठीतलं ‘मी पूर्ण सहमत नाही’ हेही असंच दुहेरी आहे: थोडा सहमत, की अजिबात नाही? इंग्रजीत तुम्हाला ठाम नकार द्यायचा असेल तर ‘आय डोन्ट टोटली अग्री’ म्हणू नका, त्यातून अंशतः सहमती निघते. ‘आय टोटली डिसअग्री’ म्हणा. ‘क्वाइट’ही जपून. ‘आय क्वाइट अग्री’ म्हणजे पूर्ण सहमत, पण इंग्लंडात ‘क्वाइट गुड’ हे पुष्कळदा ‘बरं आहे’ इतकंच असतं आणि अमेरिकेत ते ‘चांगलंच’कडे झुकतं. दोन्हीकडचे क्लायंट असतील तर तुम्ही स्वतः ‘क्वाइट’ न वापरणंच बरं.

‘अग्री’च्या आधी काय लावायचं? ‘कम्प्लीटली’ कुठेही चालतं. ‘टोटली’ बोलण्यातलं, मोकळं. ‘होलहार्टेडली’ मनापासूनचं, भाषणात आणि मेलमध्ये शोभणारं. ‘स्ट्राँगली अग्री’ चूक नाही, पण गप्पांत ते फॉर्म भरल्यासारखं ऐकू येतं, आणि त्याला कारण आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या मोजपट्टीतून ‘स्ट्राँगली अग्री’ ते ‘स्ट्राँगली डिसअग्री’ असे पर्याय जगभरच्या सर्वेक्षणांत रुळले. आयईएलटीएसच्या निबंधात ‘टू वॉट एक्स्टेंट डू यू अग्री ऑर डिसअग्री’ असं विचारतात, तिथे ‘आय स्ट्राँगली अग्री’ शोभून दिसतं. ‘व्हेरी अग्री’ होत नाही, ‘व्हेरी मच अग्री’ होतं. आणि ‘आय अ‍ॅम अग्री’ कृपा करून सोडा. ‘मी सहमत आहे’ यातला ‘आहे’ तिथे घुसतो, पण ‘अग्री’ हे स्वतःच क्रियापद आहे, त्याला ‘अ‍ॅम’ लागत नाही.

त्याहून महत्त्वाचं, आणि पैशाच्या बाबतीत खरोखर महत्त्वाचं, ते ‘अग्री विथ’ आणि ‘अग्री टू’ यांतलं अंतर. ‘आय अग्री विथ युअर पॉइंट’ म्हणजे तुमचं म्हणणं पटलं. ‘आय अग्री टू युअर प्रपोजल’ म्हणजे प्रस्ताव कबूल, आम्ही बांधील झालो. पहिल्यात मत आहे, दुसऱ्यात करार आहे. दर, मुदत, जादा काम यांवर बोलणं चाललं असताना समोरच्याचा तर्क पटला म्हणून भरात ‘अग्री टू’ निघून गेलं, तर नंतर मागे येणं अवघड होतं. ‘आय अग्री विथ द लॉजिक, बट आय कान्ट अग्री टू द डेट येट’ हे वाक्य तोंडपाठ असू द्या.

आता थोडं ‘येस येस’बद्दल. मराठीत ‘हो हो’ आदरानं म्हणतात. इंग्रजीत घाईघाईनं म्हटलेलं ‘यस, यस’ कळलं हो, पुढे बोला, असं अधीर ऐकू येतं. ‘करेक्ट, करेक्ट’ही आपल्याकडे फार चालतं, पण परदेशी कानाला तो उत्तर तपासणाऱ्या शिक्षकाचा सूर वाटतो. माहिती पडताळताना तो ठीक आहे: ‘सो द टोटल इज फोर हंड्रेड?’ ‘करेक्ट.’ मताला मात्र ‘एक्झॅक्टली’ किंवा ‘दॅट्स सो ट्रू’.

शब्द बरोबर निवडूनही सहमती फिकी वाटू शकते. संभाषणाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी संशोधक अनिता पोमेरांट्झ यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवलं की इंग्रजीत ठाम सहमती बहुधा एक पायरी वर चढून दिली जाते. समोरच्याचंच विशेषण परत केलं तर ते मिळमिळीत वाटतं आणि बरेचदा मागून मतभेद येतो. क्लायंट म्हणाला ‘द डेमो वेंट वेल’, तुम्ही म्हणालात ‘यस, इट वेंट वेल’, तर त्याला वाटतं काहीतरी खटकलंय. ‘इट वेंट रिअली वेल’ किंवा ‘इट वॉज ग्रेट’ म्हणा. मला हा सगळ्या विषयातला सर्वांत कामाचा धागा वाटतो, कारण त्यासाठी नवा वाक्प्रचार पाठ करावा लागत नाही. समोरच्याचाच शब्द घ्यायचा आणि त्याला वर न्यायचं. किंवा त्याच्या मुद्द्याला तुमचं कारण जोडायचं: ‘एक्झॅक्टली, अँड इट ऑल्सो सेव्ह्ज अस अ वीक.’ नुसत्या ‘अ‍ॅब्सोल्यूटली’नंतर शांतता पसरते. कारण जोडलं की तुम्ही खरोखर विचार केलाय हे दिसतं.

उच्चाराकडेही बघा. उत्तर म्हणून एकटं ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ म्हणताना जोर ‘ल्यू’वर येतो. आपण सगळी अक्षरं सारख्या वजनानं म्हणतो, म्हणून उत्साह पोचत नाही. ‘डेफिनिटली’त जोर पहिल्या ‘डे’वर. ‘एक्झॅक्टली’ इंग्रजांच्या तोंडी ‘इग्झॅक्टली’ असतं आणि मधला ‘ट’ बहुधा पुसट होतो. लिहिताना ‘डेफिनिटली’च्या स्पेलिंगमध्ये ‘ए’ येत नाही, त्यात ‘फायनाइट’ हा शब्द पूर्ण बसलेला आहे एवढं लक्षात ठेवा.

‘हिअर, हिअर’ तुम्ही ब्रिटिश पार्लमेंटच्या चित्रफितींत ऐकलं असेल. हाउस ऑफ कॉमन्समध्ये टाळ्या वाजवण्याची प्रथा नाही, तिथे सदस्य असा दुजोरा देतात. हे ‘ऐका’ अर्थाचं हिअर आहे, ‘इथे’ अर्थाचं नव्हे, म्हणून चॅटमध्ये स्पेलिंग सांभाळा. अमेरिकन कॉलवर ते जुनाट वाटेल. ‘आय सेकंड दॅट’ मात्र दोन्हीकडे चालतं. हाउसिंग सोसायटीच्या सभेत ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतात, त्यातला अनुमोदक म्हणजे हा ‘सेकंड’. कुणीतरी काही सुचवलं असेल तिथेच तो वापरा. ‘इट्स हॉट टुडे’ याला नको.

मेलमध्ये ‘अग्रीड’ हा एकच शब्द पूर्ण वाक्याचं काम करतो आणि तो उद्धटही वाटत नाही. पण मेलमध्ये चार मुद्दे असतील तर नुसतं ‘अग्रीड’ पाठवू नका, चारही तुम्ही कबूल केलेत असं धरलं जाईल. ‘अग्रीड ऑन वन अँड टू. ऑन थ्री, आय नीड टू चेक विथ द टीम’ असं लिहा. ठाम पाठिंबा द्यायचा असेल तर ‘आय कम्प्लीटली अग्री, पर्टिक्युलरली ऑन द टेस्टिंग शेड्यूल’. ‘पर्टिक्युलरली’नंतर त्यांच्याच मेलमधला एक मुद्दा उचला, म्हणजे मेल नीट वाचूनच तुम्ही होकार दिलाय हे त्यांना कळतं. चॅटवर टीममध्ये ‘प्लस वन’ चालतं. क्लायंटच्या वरिष्ठांना ते पाठवू नका. आणि लिखाणात उद्गारचिन्ह एकच ठेवा. अमेरिकन क्लायंटला ‘अ‍ॅब्सोल्यूटली!’ प्रसन्न वाटतं. ब्रिटिश क्लायंटला मी पूर्णविराम देऊनच ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ लिहिते.